पोरीला स्कुबाला न्यायचंय? आधी कान बघा

ताई, लेक दहाची झाली म्हणजे तयार झाली, असं नाही. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ज्युनियर ओपन वॉटर कोर्स 10 व्या वर्षापासून करता येतो, 12 मीटर खोलीच्या मर्यादेत. पण ते किमान वय आहे, मुहूर्त नव्हे.

मी आधी कान बघते, कारण खाली जाताना पाण्याचा दाब कानांवर येतो. नाक चिमटीत धरून, हळूच फुंकून कान मोकळे करणं तिला जमतं का? आणि दुखलं तर लगेच खूण करेल, की बाबा रागावतील म्हणून सोसत राहील? पाण्याखाली मला सोसणाऱ्या मुलांचीच धास्ती वाटते, हट्टी पोरं परवडली. श्वास का रोखायचा नाही, हेही तिला सांगता यायला हवं: वर येताना दाब घटतो, अडकलेली हवा फुगते, फुप्फुसाला इजा होते. सर्दी असेल तर बेत रद्द, पैसे गेले तरी. दमा असेल तर आधी डॉक्टर.

तारकर्लीला निघण्याआधी स्विमिंग पूलमध्ये मास्कमधलं पाणी काढायची सवय करून घ्या. माझा थोरला 11 व्या वर्षी बोटीवर ऐनवेळी नको म्हणाला. आम्ही भजी खाऊन परतलो. तेराव्या वर्षी आपणहून उतरला.