लकी ड्रॉमधली स्कूटर घ्यायच्या आधी ३० टक्के भरायचे का?

तुम्ही विचारलंय: २०२५च्या दिवाळीत इंदूरच्या एका दुकानाच्या लकी ड्रॉमध्ये आईला ९०,००० रुपयांची स्कूटर लागली. दुकानदार म्हणतो, आधी २७,००० भरा, मग चावी. आईला स्वतःची काहीच कमाई नाही, मग ही फसवणूक तर नाही?

मागणी कायद्याला धरून आहे. बक्षीस १०,०००च्या वर असलं की २०२५च्या दिवाळीला लागू असलेल्या आयकर कायद्याच्या (१९६१) कलम १९४ब प्रमाणे ३० टक्के टीडीएस, म्हणजे बक्षीस देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. रोख बक्षिसातून कापता येतो, स्कूटरमधून काय कापणार? म्हणून वस्तू हातात देण्याआधी कर भरला गेलाय याची खात्री करणं दुकानदाराला बंधनकारक आहे. आणि आईची कमाई शून्य असली तरी सूट नाही. अशा उत्पन्नाला ना करमुक्त उत्पन्नाची किमान मर्यादा लागू, ना ८०सीची (विमा, पीपीएफसारख्या बचतीवरची) वजावट. हे ऐकून सगळ्यांनाच राग येतो, मलाही आला होता.

खरी गोम पैसे कसे देता यात आहे. इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी एका दुकानाच्या कूपनवर ३०,०००चा फ्रिज लागला. तिने ९,००० रोख मोजले. दुकानदाराने त्याच कूपनच्या पाठीवर पेनाने ‘टैक्स ९०००’ लिहून शिक्का मारून दिला, आणि मावशी खूश! पुढे रिटर्न भरायला मी तिचं २६एएस (आपल्या पॅनवर किती कर जमा झालाय ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण) उघडलं तर कोरं. दोनदा दुकानात गेलो. ‘मौसीजी, सीए साहब बाहर गए हैं’, दोन्ही वेळा तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा आयकर खात्याकडचा नंबर) आणि कर भरल्याच्या चलनाची तारीख लिहून द्या. आठवड्याभरात पैसे सरकारकडे जमा झाले, उशिराचं व्याज दुकानदाराच्या खिशातून.

तेव्हा रोख देऊ नका. दुकानाच्या फर्मच्या नावाने चेक द्या किंवा त्याच खात्यात ट्रान्सफर करा, आईचा पॅन द्या आणि टॅन आधीच मागून घ्या. मालकाच्या वैयक्तिक यूपीआयवर तर मुळीच पाठवू नका. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस विवरण ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं आणि फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र) त्यानंतर १५ दिवसांत मिळायला हवा. म्हणजे फेब्रुवारी सरला तरी २६एएसमध्ये २७,००० दिसत नसतील तर पाठपुरावा सुरू करा. (ड्रॉमध्ये भागच घेतला नव्हता आणि फोनवर कुणी ‘टॅक्स भरा’ म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा.)

अजून एक बारीक हिशेब राहतो. टीडीएस ३० टक्के, पण त्यावर ४ टक्के सेस धरून कर ३१.२ टक्के होतो. नव्या करपद्धतीत आईचे २८,०८० होतील, म्हणजे वरचे १,०८० रिटर्न भरताना भरायचे. बक्षिसाचं उत्पन्न आयटीआर-१मध्ये दाखवता येत नाही. धंदा नसेल तर आयटीआर-२ घ्या आणि ‘इतर स्रोत’मध्ये स्कूटरची पूर्ण किंमत टाका. किंमत दुकानदाराच्या तोंडची नको, स्कूटरच्या बिलाची प्रत घ्या.

आणि चावी घ्यायच्या आधी आरटीओचा खर्च आणि विमा कुणाच्या अंगावर आहे तेही विचारा, कूपनच्या मागच्या बारीक अक्षरांत बहुधा तेच लिहिलेलं असतं.