वाचकांचे प्रश्न : काँक्रीट ब्लॉकचा उंच वाफा

प्रश्न : अंगणात ४ बाय ८ फुटांचा, दोन थरांचा वाफा करायचा आहे. पोकळ ब्लॉक किती लागतील? सिमेंटने सांधायचे का?

उत्तर : ४ बाय ८ हे माप आतले धरा. १६ इंच लांब, ८ इंच रुंद व ८ इंच उंच ब्लॉक एका थराला २० लागतात, दोन थरांना ४०. तुटीफुटीसाठी दोन-तीन जास्त आणा. खालच्या थरात आखूड बाजूंना चार-चार आणि त्यांच्यामध्ये लांब बाजूंना सहा-सहा लावा. वरच्या थरात उलट करा : लांब बाजूंना सात-सात, आखूड बाजूंना तीन-तीन. एकही ब्लॉक न तोडता सांधेमोड होते, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही, आणि कोपरे एकमेकांत अडकतात.

खरे काम जमिनीत आहे. ब्लॉकच्या रेषेवर १० इंच रुंद, ५ इंच खोल चर खणा, तळ धुमसाने ठोका, बारीक खडी व ग्रिटचा ३ इंचांचा थर देऊन पुन्हा ठोका. पहिल्या थरातला प्रत्येक ब्लॉक पाणसळीने दोन्ही दिशांना तपासा. इथली थोडीशी चूक वरच्या थरात डुगडुगते आणि ती नंतर निघत नाही. बाहेरचे दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. पूर्ण १६ इंची ब्लॉकला ते १० फूट ९ इंच भरतात. सांध्याची जागा सोडून ओतलेले ब्लॉक किंचित लहान असतात, त्यांचे कर्ण कमी भरतील.

दोन थरांना सिमेंट नको. पाया नसताना सांधलेली भिंत जमीन हलली की तडकते; कोरडी रचलेली थोडी सरकते, पण परत बसवता येते. तीन थर हवेत तर मात्र काँक्रीटचा पाया, सळ्या आणि सिमेंटचा मसाला, तिन्ही लागतील.

प्रश्न : पावसानंतर लांब बाजू मधोमध बाहेर फुगली. कारण काय?

उत्तर : भिजलेली माती जड होऊन बाहेर रेटते. कोपऱ्यांना आडव्या बाजूचा आधार असतो, मध्याला नसतो. आतून प्लास्टिक लावले असेल तर पाणी सांध्यांतून निघत नाही, रेटा आणखी वाढतो. त्या बाजूची फूटभर माती काढून ब्लॉक परत ओळीत लावा. दर दोन फुटांवर पोकळीतून १० मिलिमीटरची, ३ फूट लांब सळई जमिनीत ठोका. वरचे टोक ब्लॉकच्या वरच्या कडेखाली राहू द्या, नाहीतर हाताला लागेल. त्या पोकळ्या काँक्रीटने भरा. प्लास्टिक काढून जिओटेक्स्टाइल कापड लावा. पाणी जाते, माती राहते.

वाफ्याच्या आत मातीच्या तळाशी (ब्लॉकखाली नव्हे) खडीचा थर घातला असेल तर तोही काढा. निचऱ्यासाठी म्हणून तो घालतात, पण बारीक मातीतले पाणी खडीत सहज उतरत नाही, तिच्या वरच साचून राहते. तळ उघडा ठेवून खालची जमीन कुदळीने मोकळी केलेली बरी.

प्रश्न : कडेच्या रोपांची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ब्लॉकचा दोष?

उत्तर : ही खूण लोहाच्या कमतरतेची. नव्या काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर झिरपतो, कडेच्या मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. कडेची आणि मधली माती वेगवेगळी तपासा. फक्त कडेचा सामू ७.५ च्या वर असेल तर संशय ब्लॉकवर. दोन्हीकडे तेवढाच असेल तर मूळ माती किंवा पाणीच चुनखडीचे आहे. कंपोस्ट मिसळा, गरजेप्रमाणे थोडे गंधक द्या. त्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात. व्हिनेगर ओतण्याचा सल्ला ऐकू नका, तो परिणाम टिकत नाही. आम्लप्रिय रोपे भिंतीपासून दूर लावा.

प्रश्न : बांधकामातून उरलेले हलके एएसी (हवेच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक चालतील का?

उत्तर : नाही. ते पाणी शोषतात, सतत ओल्या मातीला टेकून कडा भुसभुशीत होतात.

प्रश्न : हाच वाफा गच्चीवर?

उत्तर : दोन इंच जमिनीत गेलेल्या या वाफ्यात सुमारे ३७ घनफूट माती मावते, म्हणजे एक घनमीटरहून थोडी जास्त. ओली झाल्यावर तीच दीड टनांच्या आसपास जाते, शिवाय ४० ब्लॉकचे सहा-सातशे किलो वेगळे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी होकार दिल्याशिवाय एकही ब्लॉक वर नेऊ नका.