‘मॅडम, वेल्डिंग आता रोबोच करतो’

“रोबोच सगळं करणार असेल, तर आम्ही शिकून उपयोग काय?” मी करिअर समुपदेशक, हल्ली आठवड्याला एकदा तरी हा प्रश्न ऐकते. त्या दिवशी विचारणारा बावीस वर्षांचा आयटीआय वेल्डर होता. (ओळखीचे तपशील बदललेत.) चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून सात महिने काम केलं. लाइनवर रोबो बसला आणि सहापैकी चौघांना ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं; त्यात हाही. सोबत धाराशिवकडून आलेले वडील. “पोलीस भरतीचं बघ म्हणलं तर ऐकंना.”

मी कोर्सची छापील यादी पुढे सरकवली. त्याने न वाचताच चार घड्या घालून खिशात टाकली. समोरचा घाबरलेला दिसला की यादी काढायची, ही आमच्या पेशाची जुनी खोड.

मग विचारलं, “रोबो आल्यावर शेवटचे दोन आठवडे तू काय करत होतास?”

“पार्ट फिक्स्चरमध्ये लावायचो. आणि त्यानं बिघडवलेलं नीट करायचो.”

फिक्स्चर म्हणजे पार्ट घट्ट धरून ठेवणारी चौकट. पण बिघडवलेलं म्हणजे? त्याने माझं पॅड ओढून दोन पत्रे काढले, मध्ये फट. प्रेसमधून पार्ट जरा वाकडा आला की फट वाढते. रोबो शिकवलेल्या वाटेनेच वेल्डिंगची टॉर्च फिरवतो, मग पत्र्याला भोक पडतं. “हातानं करताना आपण फट बघून हात बदलतो ना. आणि आवाज येतो मॅडम, तडतड वेगळीच होते.” मेंटेनन्सवाला पेंडंट, म्हणजे रोबोला वाट शिकवायचा हातातला रिमोट, घेऊन आला की यालाच विचारायचा, किती सरकवू? हा सांगायचा, दीड एमएम आत, अँगल थोडा पाड.

“पेंडंट तू कधी हातात घेतलंस?”

“हात लावू देत नव्हते.”

त्याच्या बायोडेटात यातलं काहीच नव्हतं, नुसतं ‘मेहनती’. आम्ही लिहिलं: रोबो वेल्डिंग सेलवर (रोबो जिथे वेल्डिंग करतो ती जागा) लोडिंग, दोष ओळखणे, रिवर्क. वडिलांना मात्र स्पष्ट सांगितलं, सहाच्या जागी दोनच माणसं लागणार, हे गणित बदलत नाही. पण ठेक्यावरच्या पोराला ब्रेक द्यायला रोबोच लागतो असं थोडंच आहे! रोबो नव्हते तेव्हाही ब्रेक मिळायचेच.

रोबोटिक्सचा एक वर्षाचा आयटीआय ट्रेड आहे, पण आणखी एक वर्ष बिनपगारी त्याला झेपणारं नव्हतं. 1961 च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप सुचवली, पण सही करण्याआधी कुठल्या सेलवर ठेवणार ते विचार म्हटलं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली तेव्हा आयटीआयवाल्यांना महिना 8,000 रुपये ठरले होते. पैसे ठीक आहेत, पण ते घेऊन एखाद्या कार्यालयात फायली लावत बसला, तर हातातलं जाईल.

दोन महिन्यांनी फोन आला. भोसरीत रोबो बसवून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये लागलाय, पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी. दिवसभर फिक्स्चर बनवतो. शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास पेंडंट मिळतं.

भरतीचा फॉर्मही भरलाय. पहाटे धावतो म्हणाला.