नावातच नाव दडलीय

पायातल्या नॅव्हिक्युलर हाडाचं नाव नुसतं घोकत बसू नकोस, आधी ते हाड हातात घे. मागची बाजू बघ, वाटीसारखी खोलगट. टॅलसचं, म्हणजे घोट्यातल्या हाडाचं, गोल डोकं तिथेच बसतं. या आकारावरूनच नाव पडलं: लॅटिनमध्ये नाविक्युला म्हणजे छोटी होडी. मूळ शब्द नाविस. आपली पाण्यातली ‘नाव’ संस्कृत ‘नौ’मधून आलेली, आणि हे सगळे शब्द एकाच कुळातले. हे कळल्यावर मी तरी ते हाड कधी विसरलो नाही.

एक घोळ मात्र आधीच सांगून ठेवतो. ग्रीक स्काफे म्हणजेही होडीच, त्यावरून स्कॅफॉइड. जुन्या पुस्तकांत पायातल्या हाडालाही स्कॅफॉइड म्हटलेलं सापडेल. आता मनगटात स्कॅफॉइड, पायात नॅव्हिक्युलर. तोंडी परीक्षेत मी नेमकं उलटं बोललो होतो. परीक्षक नुसते हसले, तेच जास्त लागलं.

स्वतःच्या पायावरही शोध. आतल्या घोट्याच्या थोडं पुढे नि खाली बोट सरकव, टणक उंचवटा लागेल. तो याच हाडाचा. टिबिआलिस पोस्टीरियर या पोटरीतल्या स्नायूची कंडरा तिथे येऊन चिकटते. कॅल्केनियसचं, म्हणजे टाचेच्या हाडाचं, नाव सोपं आहे, लॅटिन काल्क्स म्हणजे टाच.