माटुंग्याच्या कॉलेजातून अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत: आउटडोअर प्रोग्रॅमची नोकरी

अमृता, तू विचारलंस की माटुंग्याच्या कॉलेजात सहा वर्षं स्टुडंट कौन्सिल आणि एनएसएसचं काम बघतेयस, शनिवार-रविवारी पोरांना सह्याद्रीत नेतेस, तर अमेरिकेत युनिव्हर्सिटीच्या आउटडोअर प्रोग्रॅममध्ये थेट नोकरी मिळेल का. थेट मिळणं फार अवघड आहे, पण वाट आहे. मी मूळची डोंबिवलीची, कोलोरॅडोत ११ वर्षं हेच करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ट्रेक म्हणजे ग्रुपवर मेसेज, रात्रीची कसारा लोकल, पुढे जीप. इथे त्यासाठी आख्खं ऑफिस असतं, तंबू-स्लीपिंग बॅग भाड्याने देणारं काउंटर, क्लाइंबिंग वॉल, ट्रिपा, आणि हे सगळं चालवतात पगारी विद्यार्थी. डार्टमथ कॉलेजचा आउटिंग क्लब तर १९०९ पासूनचा आहे. पण तू स्वतः डोंगरात फार कमी जाशील गं, माझे वर्षाचे जेमतेम २० दिवस बाहेर जातात, बाकी बजेट, गाड्यांचं बुकिंग, मेडिकल फॉर्म, ट्रेनिंग, आणि रात्री अकराला रडत फोन करणारी मुलगी जिला घरी परत जायचंय.

पहिल्याच उन्हाळ्यातलं सांगते. इथे दुपारी विजा पडतात, म्हणून साधारण बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली, म्हणजे ज्या उंचीच्या वर झाडं उगवत नाहीत तिच्या खाली, उतरायचं असतं. माथा अर्ध्या तासावर होता, ढग जमायला लागले होते, माझ्या मनात आपलं नेहमीचं "चल गं, काही नाही होत", आणि माझ्याबरोबरचा २० वर्षांचा विद्यार्थी लीडर शांतपणे म्हणाला, आपण परत फिरतोय. मी त्याची बॉस होते तरी परत फिरले. खाली आल्यावर सगळ्यांनी गोलात बसून, कुणी कधी काय पाहिलं, काय ठरवलं, हे बोलायचं. हाच खरा आमचा व्यवसाय, त्या वयात पोराला निर्णय घेता यावा आणि तो घेतल्यावर आपण त्याच्या मागे उभं राहावं. मला हे शिकायला वर्ष गेलं.

आता वाट. हायर एज्युकेशन, स्टुडंट अफेअर्स (कॉलेजातलं वर्गाबाहेरचं विद्यार्थ्यांचं काम) किंवा रिक्रिएशनमध्ये २ वर्षांचं मास्टर्स, आणि ते ग्रॅज्युएट असिस्टंटशिप असेल तरच घे, म्हणजे आठवड्याला २० तासांपर्यंत ऑफिसात काम, त्याबदल्यात फी पूर्ण किंवा थोडी माफ आणि वर स्टायपेंड. कर्ज काढून येऊ नकोस, या क्षेत्रात आयटीसारखे पगार नाहीत, कर्ज फिटता फिटणार नाही. शिकून झाल्यावर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, पण हे विषय सहसा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरत नाहीत त्यामुळे स्टेमवाल्यांना मिळणारे पुढचे २४ महिने धरून चालू नकोस. युनिव्हर्सिटीतल्या नोकरीसाठी एच-वन-बी या वर्क व्हिसाच्या लॉटरीतून जावं लागत नाही ही मोठी जमेची बाजू, पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्या लोकांसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर फी जाहीर झाली, म्हणून मुंबईत बसून थेट नोकरीचा नाद सोड असं सांगतेय. नियम सतत बदलतात, अर्ज करताना युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचार. नोकरीच्या जाहिराती निर्सा (कॅम्पस रिक्रिएशन), एओआरई (आउटडोअर रिक्रिएशन) आणि नॅस्पा (स्टुडंट अफेअर्स) या संघटनांकडे बघ.

नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स केलायस ते उत्तम, पण इथे तो कुणाला माहीत नसतो, काय काय शिकवतात ते लिहावं लागेल. वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा ७०-८० तासांचा प्रथमोपचार कोर्स मात्र इथे बहुतेक ठिकाणी मागतात, आल्यावर कर.

आणि आजपासून एक वही ठेव. तारीख, वाट, किती जण, पाऊस कसा, कोण घाबरलं, तू काय ठरवलंस. सहा वर्षांत हरिश्चंद्रगड, राजमाची किती वेळा केलं असशील, सगळं डोक्यात आहे आणि कागदावर काहीच नाही, मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. मास्टर्सचे अर्ज बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. वहीतले पहिले दोन ट्रेक लिहून झाले की मला पाठव, ते अर्जात कसे मांडायचे ते आपण बसून बघू.