अमेरिकेतल्या मुलांच्या सरकारी आरोग्य विम्याची (चिप) पात्रता प्रणाली नवी करण्याच्या प्रोजेक्टवर जातोय. आधी कोबोल शिकू की क्लाउड?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू होताय, जुनं मेनफ्रेम काढून सगळं क्लाउडवर न्यायचंय, आणि तयारीला जेमतेम चार आठवडे आहेत. तिथलं काम कसं असतं तेही विचारलंय. कोबोल (जुन्या मेनफ्रेमचे प्रोग्रॅम लिहिलेली भाषा) की क्लाउड याचं उत्तर शेवटी देते. त्याआधी ४२ सीएफआरमधली (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमसंग्रहातली) दोन कलमं छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा: ४३५.६०३ आणि ४३५.९१६. पहिल्यात कुणाच्या घरात कुणाला धरायचं आणि कुणाचं उत्पन्न मोजायचं ते आहे, दुसऱ्यात दरवर्षीचं नूतनीकरण. चिपचे स्वतःचे नियम ४५७ व्या भागात आहेत, पण मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) कळल्याशिवाय ते कळत नाहीत. दोन्ही कलमं मिळून एका दिवसात वाचून होतात. आमच्या प्रोजेक्टवर चाळीसेक माणसं होती आणि ती वाचलेली माणसं मला शेवटपर्यंत दोनच भेटली. त्यातली एक मी.

मी तेव्हा पुण्यात, हिंजवडीत टेस्टर होते. दुपारी दोनला ऑफिस, रात्री अकराच्या कॅबने घरी. एका राज्याची मेडिकेड आणि चिपची नवी प्रणाली बांधायचं काम होतं. राज्याचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. २०१४ पासून ओबामांच्या कायद्याने उत्पन्न मोजायची पद्धत सगळ्या राज्यांत एकच केली होती आणि जुन्या मेनफ्रेमला ती पेलत नव्हती, म्हणून सगळीकडे एकदमच धावपळ सुरू झाली. पैशाची तशी अडचण नव्हती. पात्रता प्रणाली बांधायच्या खर्चातले ९० टक्के केंद्र सरकार देत होतं. अडचण तारखेची होती.

२०१५ मध्ये माझ्याकडे नूतनीकरणाची बॅच (सगळ्या केस एकदम तपासणारा प्रोग्रॅम) आली. नियम असा आहे की मुदत संपत आली की राज्याने आधी स्वतःकडच्या माहितीवरून, म्हणजे पगाराच्या आणि कराच्या नोंदींवरून, पात्रता तपासायची. माणूस बसत असेल तर त्याला कागद न मागता पुढचं वर्ष द्यायचं. बसतो की नाही हे कळत नसेल तरच फॉर्म पाठवायचा, तोही माहिती भरलेला, आणि परत पाठवायला किमान ३० दिवस द्यायचे. याला सगळे ‘एक्स पार्टे’ म्हणतात. तुम्हीही पहिल्याच दिवशी म्हणायला लागाल.

मी एक साधी केस बनवली. आई आणि दोन मुलं, सात आणि अकरा वर्षांची. आईचा पगार महिन्याला २,२०० डॉलर होता, तो वाढून २,४०० झाला. तीन माणसांच्या घरासाठी त्या वर्षीची दारिद्र्यरेषा २०,०९० डॉलर होती. प्रौढांची मर्यादा तिच्या १३८ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण २,३१० डॉलर. आई नव्वद डॉलरने बाहेर पडली. मुलांची मर्यादा त्या राज्यात दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्याही वर होती, म्हणजे मुलं अगदी आरामात आत. बॅचने मुलांना आपोआप पुढचं वर्ष द्यायला हवं होतं आणि आईला तेवढा फॉर्म जायला हवा होता.

बॅचने आईचा पगार पाहिला, मर्यादेला लावला आणि अख्खी केस बाहेर काढली. तिघांच्या नावाचं एकच जाड पाकीट छपाईच्या फाइलमध्ये जाऊन पडलं. मग मी टेस्टच्या घड्याळात तारीख पुढे ढकलून पाहिली. फॉर्म आला नाही असं धरल्यावर महिनाअखेर तिघांचाही विमा बंद. पडद्यावर तीन ओळी आणि तिन्हींसमोर कारण एकच: नूतनीकरणाचा फॉर्म मिळाला नाही. त्यातली एक ओळ सात वर्षांच्या मुलीची होती. ती माझी बनवलेली खोटी मुलगी होती, पण तिच्या जागी उद्या खरी असणार हे मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. त्या मुलीने पात्र राहण्यासाठी कुठलाच कागद देणं लागत नव्हतं.

या चुकीचा डिफेक्ट टाकला. दुसऱ्या दिवशी ट्रायजच्या (कुठली चूक घ्यायची ते ठरवायच्या) कॉलमध्ये दोन मिनिटांत बंद झाला, शेरा ‘वर्किंग अ‍ॅज डिझाइन्ड’, म्हणजे ठरवलं तसंच चालतंय. मी पुन्हा उघडला, सोबत कलम चिकटवलं. तेव्हा आमच्या मॅनेजरांनी मला बाजूला बोलावलं. आपलाच माणूस, मराठीतच बोलायचे. म्हणाले, “अगं, केस एकच आहे ना? मग निर्णय एकच. रेशन कार्डावरचं एक माणूस बसतं आणि एक बसत नाही असं कधी असतं का?”

हे वाक्य मी दहा वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय, कारण ते बावळट वाक्य नव्हतं. आपल्याकडे ते खरंच आहे. तेव्हा महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना होती. पिवळं किंवा केशरी कार्ड दाखवलं की त्यावरचं अख्खं घर आत, वर्षाला कुटुंबाला मिळून दीड लाख. कुटुंब म्हणजे कार्ड, कार्ड म्हणजे कुटुंब. पुण्यात बसून कोड लिहिणाऱ्या मुलाच्या मनात ‘हाउसहोल्ड’ या शब्दाला तेच चित्र येणार. पण त्या कायद्यात तसं नाहीच. तिथे प्रत्येक माणसाचं घर वेगळं मोजतात. एकाच छताखालच्या आजीचं घर एक माणसाचं, आईचं तीन माणसांचं, आणि बाप वेगळा राहून करात मुलाला स्वतःवर अवलंबून दाखवत असेल तर त्याचे आणखी वेगळे नियम. केस नंबर ही कार्यालयाची सोय आहे. पात्रता माणसाची असते. मी त्यांना म्हटलं, “सर, तिथे प्रत्येकाचं कार्ड वेगळं आहे.” ते म्हणाले, “तू टेस्टर आहेस, पॉलिसी बघायला वेगळी टीम आहे.”

पुढे सहा आठवडे मला त्या राज्यात पाठवलं, वापरकर्त्यांच्या चाचणीसाठी. एका काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या भागाच्या) कार्यालयात मी एका केसवर्कर बाईंच्या शेजारी बसायचे. वीस-पंचवीस वर्षं त्याच टेबलावर काढलेल्या. हिरव्या अक्षरांचा जुना पडदा त्या न बघता चालवायच्या. त्यांच्या की-बोर्डखाली एक स्पायरल वही असायची, कोपरे गोल झालेली, पानांना सेलोटेप. कुठल्या पडद्यावर कुठली फंक्शन की, कुठला कोड टाकला की काय होतं, सगळं त्यात. मी त्यांना माझ्या केसबद्दल विचारलं तर त्यांनी वही उघडून मधलंच एक पान काढलं. जुन्या यंत्रातही घोळ हाच होता, पण त्यांनी त्यावर तोड काढली होती. मुलांना वेगळा केस नंबर द्यायचा, आईला त्यात फक्त पालक म्हणून ठेवायचं, अर्जदार म्हणून नाही. मग आईचं काहीही होवो, मुलांचं नूतनीकरण होऊन जायचं. असं त्या वर्षानुवर्षं करत होत्या. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी त्यांच्याकडूनच उतरवून घेतलं होतं.

मग त्यांनी मला विचारलं, “नव्यात हे कुठे करायचं?”

नव्यात ते करताच येत नव्हतं. एका पत्त्यावर, एकाच आईच्या नावाने दोन केस उघडायला गेलं की नवी प्रणाली दुबार नोंद म्हणून अडवायची. ती अडवणूक आम्हीच बांधली होती आणि डेमोमध्ये मोठं वैशिष्ट्य म्हणून दाखवली होती. म्हणजे जुन्या यंत्राची चूक आम्ही जशीच्या तशी नव्यात आणली, आणि ती चूक झाकणारा माणसाचा हात तेवढा काढून टाकला. तुम्ही ‘काम कसं असतं’ विचारलंय ना, ते असं असतं.

त्या पानाचं वर्णन जोडून मी डिफेक्ट तिसऱ्यांदा उघडला. या वेळी उत्तर सभ्य होतं: फेज दोनमध्ये घेऊ. प्रणाली ठरल्या तारखेला सुरू झाली, केक कापला, फोटो निघाले. फेज दोनमध्ये तो विषय आला नाही.

मग २०२० आलं. कोविडच्या कायद्याने मेडिकेडमधून कुणाला काढायचंच नाही असं ठरलं, आणि तीन वर्षं ही चूक कुणाला दिसली नाही. ३१ मार्च २०२३ ला ती सवलत संपली आणि देशभर सगळ्यांची नूतनीकरणं पुन्हा सुरू झाली. पुढच्या दीडेक वर्षात अडीच कोटींच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि त्यातली जवळपास सत्तर टक्के अपात्र ठरली म्हणून नाही, तर कागदपत्रं पूर्ण झाली नाहीत म्हणून. २०२३ च्याच ३० ऑगस्टला केंद्राच्या सीएमएसने (मेडिकेड आणि चिप बघणाऱ्या संस्थेने) सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं: तुमची यंत्रं एक्स पार्टे माणशी करतात की घराला मिळून करतात, तपासा. २१ सप्टेंबरला निकाल जाहीर झाला. तीस राज्यांत हीच चूक निघाली आणि जवळपास पाच लाख माणसांना, त्यात मुलं पुष्कळ, विमा परत मिळणार होता. आमचं राज्य त्या यादीत होतं.

मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते. बातमी स्वयंपाकघरात उभ्याने वाचली आणि तिथेच खाली बसले. राग आला म्हणून नाही. ती सात वर्षांची मुलगी आठवली. आठ वर्षांत ती किती जणी झाली असेल!

ती बातमी मी जुन्या मॅनेजरांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “तेव्हा रिक्वायरमेंट तशीच होती.” मी पुढे काही लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते. रिक्वायरमेंट, म्हणजे प्रणालीने काय करायला हवं ते, तशी नव्हती. आपण लिहिलेला कागद तसा होता. रिक्वायरमेंट कायद्यात होती, मी ती चिकटवून दिली होती, आणि ती वाचायला दहा मिनिटं लागली असती. तुम्ही अ‍ॅनालिस्ट आहात, तो कागद तुम्हीच लिहिणार आहात, म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतेय. जुनं यंत्र जे करतं ते उतरवून काढणं म्हणजे रिक्वायरमेंट नव्हे. कोबोलमधून तीस वर्षांपूर्वीचा नियम निघतो, त्यावर कुणीतरी घाईत मारलेलं ठिगळ निघतं, आणि की-बोर्डखालच्या वहीत आहे ते त्यात निघतच नाही. कोड आपोआप भाषांतरित करून देणारी साधनं तुम्हाला दाखवतील. ती ठिगळंही तितक्याच इमानाने भाषांतरित करतात.

दोन केसवर्करांशेजारी निदान तीन-तीन दिवस बसायची परवानगी मागा. कॉलवर नाही, शेजारी. त्यांना ‘काय हवंय’ असं विचारू नका, ‘यंत्राला कुठे चुकवता’ असं विचारा. परत आलेली टपाल पाकिटं कुठे ठेवतात आणि त्यांचं पुढे काय होतं तेही बघा. आणि नोटिसा स्वतः वाचा. आई बसत नाही आणि मुलं बसतात, तेव्हा तिला जाणाऱ्या पत्रात पहिल्या ओळीत काय येतं? ‘तुमचा विमा बंद होत आहे’ असं येत असेल, तर ती बाई खाली मुलांबद्दल लिहिलेलं वाचणारही नाही.

१ जानेवारी २०२४ पासून मुलांना एकदा पात्र ठरलं की बारा महिने सलग विमा द्यायचा, हे सगळ्या राज्यांना बंधनकारक आहे, मध्ये घरचं उत्पन्न वाढलं तरी. म्हणजे माझी केस तुम्ही वर्षाच्या मध्यावरही चालवून बघा: आईचा पगार वाढला, मुलांच्या नोंदीला धक्का लागता कामा नये. मुलं मेडिकेडमधून चिपकडे सरकतात तो सांधाही तपासा. काही राज्यांत चिपचं कार्यालय वेगळं, यंत्र वेगळं, आणि फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मूल मधल्यामध्ये लटकतं.

आता राहिलेल्या गोष्टी. मी पाहिलं ते एका राज्यातलं आणि बरंच जुनं. सगळी राज्यं त्या यादीत नव्हती, काहींची यंत्रं पहिल्यापासून माणशी हिशेब करत होती, म्हणजे ते अशक्य नव्हतं. चिप मेडिकेडमध्येच चालवणारी राज्यं आहेत, वेगळी चालवणारी आहेत, दोन्ही मिळून चालवणारीही आहेत, त्यामुळे माझं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही. कोविडची सवलतही वेगळ्या चिपला तशी लागू नव्हती. आणि ते मॅनेजर वाईट माणूस नव्हते. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला न मागता सुट्टी दिली होती. तारीख त्यांच्या मानेवर होती. तरीही ते चुकले, हे मी मागे घेणार नाही.

कोबोल वाचता येईल इतपत शिका, दोन आठवडे पुरेत. लिहायला कुणी लावणार नाही, पण ‘जुन्यात असंच आहे’ असं कुणी म्हणालं की स्वतः उघडून बघता आलं पाहिजे. क्लाउडचं सर्टिफिकेशन कंपनी नंतर करून घेतेच. कोणत्या राज्याचं काम आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर तिथली चिप वेगळी आहे की मेडिकेडमध्येच, एवढं तरी सांगता येईल, आणि आईच्या पगाराचे आकडे त्या राज्याच्या मर्यादेप्रमाणे बसवून तुम्हाला टेस्ट केस लिहून देईन.