मॅक अ‍ॅड्रेस: मजकुरातून बाइट्समध्ये आणि परत

मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, ६ बाइट्स. मजकुरात तो कोलन धरून १७ अक्षरांचा होतो, म्हणून सी प्रोग्राममध्ये बफर १८ चा घ्या. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या नल अक्षराला जागा लागते.

लिनक्सवर ईथर_एटॉन (मजकुराचे बाइट्स करणारं) आणि ईथर_एनटोए (बाइट्सचा मजकूर करणारं) ही फंक्शन्स तयार मिळतात, पण दोन्ही आपापल्या स्टॅटिक, म्हणजे दर वेळी त्याच, बफरचा पॉइंटर परत देतात. एकाच प्रिंटएफमध्ये ईथर_एनटोए दोनदा वापरलंत तर दोन्हीकडे तोच अ‍ॅड्रेस छापला जातो, आणि माणूस उगाच नेटवर्कला दोष देत बसतो. नावाच्या शेवटी '_आर' असलेली रूपं वापरा, त्यांना बफर तुम्हीच देता. शिवाय जीलिबसीचं (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) ईथर_एनटोए सुरुवातीचं शून्य गाळतं, '०५' चं '५' होतं. त्यामुळे तुलना मजकुराची नको. मेमसीएमपीने ६ बाइट्सची करा. कोलनऐवजी डॅश असेल तर ईथर_एटॉन नल पॉइंटर देतं, ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ठरलेल्या साच्याने मजकूर वाचणाऱ्या एसस्कॅनएफनेही जमतं. मात्र साच्यात हेक्स आकड्याच्या साध्या 'एक्स' खुणेने वाचलंत तर एका बाइटच्या जागी साधारणतः ४ बाइट्स लिहिले जातात आणि शेजारची मेमरी बिघडते. 'एचएचएक्स' आणि अनसाइन्ड कॅर घ्या, परतीचं मूल्य ६ आहे का पाहा. बाइट्सचा क्रम बदलणाऱ्या एचटीओएनएल वगैरेची इथे गरजच नाही. बाइट्स लिहिलेल्या क्रमानेच राहतात.